बागबाजारचा मयरा

रसगुल्ला हा पत्र्याच्या डब्यात तयार होणारा पदार्थ आहे, अशी वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत माझी पक्की समजूत होती. वडील कचेरीच्या कामासाठी दोन-तीन वर्षांतून एकदा कलकत्त्याला जात आणि हावडा मेलने परतताना एक डबा घेऊन येत. तो फोडण्याचा सोहळा रविवारी जेवणानंतर होई. माणशी दोन रसगुल्ले. उरलेला पाक आई पातेल्यात काढून ठेवी आणि पुढच्या शंकरपाळ्यांना वापरी. आजी मात्र त्या डब्याला हात लावीत नसे. नासलेल्या दुधाचा जिन्नस देवापुढे ठेवता येत नाही, आणि जो देवाला चालत नाही तो आपल्यालाही नको, असा तिचा सरळ हिशेब होता. घरात दूध नासले की ती हळहळे, मग त्यात गूळ घालून ते मुलांना देई. पण सणाच्या ताटात त्याला जागा नव्हती.

गेल्या जानेवारीत चार दिवस कलकत्त्यात होतो. (२००१ पासून शहराचे नाव कोलकाता झाले आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडून कलकत्ताच निघते, वाचकांनी चालवून घ्यावे.) मोठ्या हॉटेलांच्या वाटेला जायचे नाही, बाकडी टाकलेली दुकाने आणि मिठाईवाले एवढेच करायचे, असे ठरवून टाकले होते. सकाळी कॉलेज स्ट्रीटजवळ पुंटीरामकडे कचोरी आणि हरभऱ्याची गोडसर डाळ. ही कचोरी आपल्या डोळ्यांपुढे येते तशी जाड, खुसखुशीत नसते. आत किंचित सारण भरलेली फुगीर पुरीच ती. तिथून पाच मिनिटांवर १९१८ पासून चालू असलेले पॅरामाउंटचे सरबतगृह. तिथले शहाळ्याचे सरबत पिताना तळाशी कोवळी मलई लागते, ती चमच्याने खरवडून खायची. संध्याकाळी उत्तर कलकत्त्यातल्या गल्ल्या आणि त्यातली संदेशाची दुकाने. पुस्तकांच्या पेठेतून मिठाईच्या पेठेत पायी जाता येते, असे दुसरे शहर मला ठाऊक नाही.

या सगळ्या भटकंतीत एक माणूस माझ्या डोक्यात घोळत होता. ज्याच्यामुळे आमच्या घरी तो डबा यायचा तो नवीनचंद्र दास. बंगाल्यांच्या उच्चारात नोबिन. कलकत्त्यात त्याला रसगुल्ल्याचा कोलंबस म्हणतात. २०१८ साली त्याच्यावर एक बंगाली चित्रपटही निघाला. आपल्याकडे मात्र हजार लग्नांत रसगुल्ले वाढले जातात आणि या माणसाचे नाव एकालाही माहीत नसते.

नवीनचंद्राचा जन्म १८४५ चा. घराणे साखरेच्या व्यापारातले, पण पोर जन्माला येण्याआधीच बाप गेला आणि वैभवही ओसरले. शिक्षणाला पैसा नव्हता. मुलगा मिठाईच्या दुकानात कामाला लागला. आज आपल्याला यात काही वावगे वाटणार नाही, पण त्या काळच्या कलकत्त्यात साखर गोणीने विकणारा तो शेठ आणि तीच साखर कढईत घालणारा तो मयरा. मयरा म्हणजे आपल्याकडचा हलवाई. व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाने मयरा व्हावे याची नातेवाइकांना लाज वाटत होती, अशी आठवण त्याच्या घराण्यात सांगितली जाते. तो जन्मभर मयराच राहिला आणि आज त्याच्या आडनावाने बंगालचे नाव चालते.

१८६४ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने जोडासांको भागात स्वतःचे दुकान टाकले. जोडासांको म्हटले की आपल्याला ठाकूरवाडी आठवते. रवींद्रनाथ तेव्हा तीन वर्षांचे होते. मी ठाकूरवाडी पाहून बाहेर पडलो आणि चितपूर रस्त्याने चालत राहिलो. वाजंत्री विकणारी दुकाने, अत्तरवाले, ओझी वाहणारे हमाल. दीडशे वर्षांपूर्वी या गर्दीत कुठेतरी एक पोरसवदा हलवाई गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता. दुकान चालले नाही. दोन वर्षांत गाशा गुंडाळून १८६६ मध्ये तो उत्तरेला बागबाजारात आला आणि तिथे त्याने पुन्हा छोटेसे दुकान मांडले.

त्याच्यापुढे कोण उभे होते हे समजायला त्या दुकानांत जाऊन खावे लागते. बहूबाजारातल्या भीम नागांचे दुकान १८२६ चे. तिथे बंगाली आकडे असलेले जुने विलायती घड्याळ भिंतीवर आहे आणि लेडीकेनी नावाची मिठाई मिळते. गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या पत्नीवरून हे नाव पडले. दिसायला आपल्या गुलाबजामाची चुलत बहीण, पण छान्याची आणि अंगाने अधिक दमदार. बेथून कॉलेजजवळच्या गिरीशचंद्र दे आणि नकूरचंद्र नंदी यांच्या दुकानाचे साल १८४४. तिथे बसायला जागा नाही, जाळीच्या पलीकडे माणसे संदेश मांडून बसतात आणि आपण रस्त्यावर उभे राहून खायचे. थंडीचे दिवस असल्यामुळे खजुराच्या रसाचा नवा गूळ आला होता. त्या गुळाचा जलभरा संदेश दाताखाली फुटला आणि आतला पातळ गूळ थेट सदऱ्यावर आला. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी काही न बोलता आपला रुमाल पुढे केला.

तर असे हे शहर. संदेशात मुरलेले. तिथे कालच्या पोराने आणखी एक संदेश करून काय दिवे लावणार? नवीनचंद्राने नवे संदेश केले, ते खपलेही. पण त्याला खटकत होते ते वेगळेच. संदेश कोरडा. खाल्ला की घसा पाणी मागतो. उन्हाळ्यात घामाने निथळणाऱ्या या शहराला तोंडात रस सुटेल अशी रसाळ मिठाई हवी, हे त्याच्या मनाने घेतले. छान्याची गोळी करून ती पाकात उकळावी, इतकी साधी कल्पना.

कल्पना साधी, काम अवघड. छाना म्हणजे दूध फाडून, त्यातली नासकवणी निथळून उरलेला ओलसर गोळा. उत्तर हिंदुस्थानातली बरीच मिठाई खव्याची, आटवलेल्या दुधाची. फाटलेल्या दुधाचा वावडा मानणारी आमची आजी काही एकटी नव्हती. हुगळीकाठी वस्ती केलेल्या पोर्तुगीजांना दूध फाडून चीज करण्याची सवय होती आणि त्यांच्यामुळे बंगालात छान्याची भीड चेपली, असे अनेक अभ्यासक मानतात. पण छाना उकळत्या पाकात टाकला की विरघळून जातो, गोळीचा चुरा होतो आणि कढईत राहतो गोड गाळ. नवीनचंद्राची अशी किती दूधभांडी वाया गेली असतील कोण जाणे. ज्या दुकानात रोजच्या विक्रीवर रोजची चूल पेटते, तिथे दूध वाया घालवणे म्हणजे घरच्यांच्या ताटातले काढून कढईत टाकणे.

बागबाजारच्या एका लहान दुकानात मालकाने मला भटारखान्यात डोकावू दिले. कारागीर पाटावर छाना घेऊन तळहाताच्या टाचेने रगडत होता. दाणा मोडून लोण्यासारखा मऊ होईपर्यंत, पण तूप सुटायच्या आत थांबायचे. गोळीला भेग राहता कामा नये. पाक पातळ हवा आणि फेसाळून उकळता हवा. उकळीच्या वाफेने गोळी आतून फुगते, जवळजवळ दुप्पट होते आणि तिच्या अंगाला स्पंजासारखी छिद्रे पडतात. पाक आटून घट्ट होऊ लागला की कारागीर वरून पाण्याचा हबका मारतो. घट्ट पाकात गोळी आकसते आणि वातड होते. ही सगळी गणिते आज पोरसुद्धा शिकते. १८६८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नवीनचंद्राला ती जमली. रसगुल्ल्याचे साल म्हणून बंगालात हेच धरतात.

त्याच्या पत्नीचे नाव क्षीरोदमणी. ही भोला मयराची नात. भोला मयरा म्हणजे बागबाजारचा मिठाईवाला आणि त्याच वेळी कविगानाच्या फडातला गाजलेला शीघ्रकवी. अँटनी फिरंगीशी त्याचे सवालजवाब झाले. आपल्याकडच्या कलगीतुऱ्याचेच हे बंगाली भावंड. म्हणजे ज्या धंद्याची दासांच्या नातेवाइकांना लाज वाटत होती, त्याच धंद्यातला एक माणूस साऱ्या शहराला तोंडपाठ होता. ती या घरात आली तेव्हा कढईची ऊब आणि टिंगल या दोन्हींची सवय घेऊनच आली असणार.

नवा पदार्थ लगेच डोक्यावर घेतला गेला असे झाले नाही. संदेशाच्या भक्तांना हे पाण्यात पोहणारे पांढरे गोळे पोरखेळ वाटले. मग काय घडले याची जी हकीकत बंगालात सांगतात ती अशी. भगवानदास बागला नावाचे धनाढ्य मारवाडी व्यापारी सहकुटुंब घोडागाडीतून चालले होते. मुलाला तहान लागली म्हणून गाडी नवीनचंद्राच्या दुकानापाशी थांबली. त्याने पाण्याबरोबर रसगुल्ला पुढे केला. मुलाने खाल्ला, बापाला दिला आणि बागलाशेठनी तिथल्या तिथे मोठी मागणी नोंदवली. श्रीमंताच्या घरी गेलेली वस्तू गरिबाच्या तोंडी लागायला वेळ लागत नाही. दंतकथेचा अंश वजा केला तरी एक गोष्ट मला पटते. रसगुल्ला पहिल्यांदा खपला तो तहानेवर.

बागबाजारात हिंडताना माझी स्वतःची एक गंमत झाली. एका गल्लीच्या पाटीवर मराठा डिच लेन असे नाव दिसले. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी खंदक खणायला घेतला, त्याची ही आठवण. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. पण बंगालातल्या आया अजूनही बारगीर आले म्हणून अंगाईत पोरांना भेडसावतात. त्या पाटीखाली उभा राहून मी द्रोणातले रसगुल्ले खात होतो. दुकानदाराला मी मुंबईचा मराठी हे कळले तेव्हा त्याने हसत हसत आणखी एक वाढला. खंडणी म्हणून असावा.

नवीनचंद्राच्या चरित्रातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो असा, की त्याने कृती कुलुपात ठेवली नाही. मक्ता घेतला नाही, शिकायला आलेल्या मयरांना हात दाखवला, असे त्याच्या घराण्यात सांगतात. रसगुल्ला एक-दोन दिवसांवर टिकत नाही. एकाच दुकानाने तो किती लांब जाणार? गावोगावच्या मयरांनी केला तरच तो गावोगाव पोचणार. पैशाच्या हिशेबाने हा वेडेपणा होता. जो हलवाई एकदा दुकान बंद करून बसला आहे, त्याने हातात आलेले गुपित वाटून टाकावे, याला छाती लागते.

अलीकडे त्याच्या श्रेयावरून बरेच रण माजले. ओडिशावाल्यांचे म्हणणे असे, की रथयात्रेहून परतलेले जगन्नाथ रुसलेल्या लक्ष्मीची समजूत घालतात ती रसगोळा देऊनच, आणि ही रीत फार जुनी आहे. बंगालातही राणाघाट-फुलियाकडचे लोक आपल्या भागातल्या हाराधन मयराचे नाव पुढे करतात. शेवटी भौगोलिक मानांकनाच्या कचेरीने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालला आणि जुलै २०१९ मध्ये ओडिशाला, असे दोघांनाही आपापल्या रसगुल्ल्याचे मानांकन दिले. भुवनेश्वर-कटक रस्त्यावरच्या पहाळा गावी मी तो खाल्ला आहे. रंगाने बदामी, तोंडात टाकताच विरघळणारा, खमंग. बागबाजारचा शुभ्र, चेंडूसारखा उसळणारा, दाबला की पुन्हा फुगणारा. जीभ एवढे सांगते की हे दोन वेगळे पदार्थ आहेत. छान्याचा गोळा पाकात टाकणारा नवीनचंद्र पहिला नसेलही. स्पंजाचा रसगुल्ला मात्र त्याचा, यात मला शंका वाटत नाही.

तो १९२५ साली वारला. मुलगा कृष्णचंद्र बापाच्या वरताण निघाला; आज आपण रसमलाई म्हणून जी खातो ती त्याच्या नावावर आहे. १९३० मध्ये त्याने स्वतःच्या नावाने दुकान काढले आणि रसगुल्ला हवाबंद डब्यात भरला. एक-दोन दिवस टिकणारी वस्तू आगगाडीत बसली, ती अशी. १९३५ मध्ये नातू शारदाचरणने एस्प्लनेडला दुकान थाटले. १९६५ साली दुधाच्या टंचाईमुळे राज्य सरकारने छान्याच्या मिठाईवरच बंदी घातली, तेव्हा सारे कलकत्ता हवालदिल झाले होते. मयरे कोर्टात गेले आणि लोक सरकारला शिव्या देत राहिले. १९७२ मध्ये या घराण्याने बंगळूरला शाखा काढली. आमच्या वडिलांच्या पिशवीतला डबा याच वाटेने आला होता.

परतताना मी मातीच्या मडक्यात वीस रसगुल्ले घेतले, शिवाय एक डबा. मडके डब्यातल्या सहप्रवाशांनी आणि मी मिळून बिलासपूरच्या आत संपवले. पाक आंबू लागला होता. पत्र्याचा डबा घरी पोचला. आई आता पंच्याऐंशीची आहे, तिला साखर वर्ज्य. तिने अर्धा रसगुल्ला घेतला, बोटांनी दाबून पाक काढला आणि खाल्ला. मग डबा माझ्या हातातून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि पाकासाठी पातेले शोधू लागली.