शंखातला जीव ओळखणारी मेरी

देवघरातला शाळिग्राम तुमच्यापैकी कितीतरी जणींनी रोज हाताळला असेल. तुळशीच्या लग्नात तर त्याचा मान मोठा. काही शाळिग्रामांवर चक्रासारखी वळणं दिसतात. ही वळणं आहेत कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एका जिवाच्या शंखाची. शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅमोनाइट म्हणतात. आपल्याकडे हे दगड येतात नेपाळच्या कालीगंडकी नदीतून. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरही अ‍ॅमोनाइट भरपूर सापडतात आणि तिथं ते विकून एका मुलीनं घर चालवलं. तिचं नाव मेरी अ‍ॅनिंग.

मेरीचा जन्म २१ मे १७९९ चा, लाइम रीजिस या लहानशा गावातला. वडील सुतार. किनाऱ्यावरच्या कड्यांतून असे दगड काढून ते सहलीला येणाऱ्या श्रीमंतांना विकायचे. मेरी सव्वा वर्षाची असताना तिला कडेवर घेतलेल्या बाईवर वीज पडली. तिथल्या तीन बाया गेल्या, मेरी वाचली. पुढं १८१० साली वडील वारले आणि डोक्यावर कर्ज ठेवून गेले. बरीच भावंडं लहानपणीच गेलेली, उरले मेरी आणि थोरला जोसेफ. शिक्षण म्हणाल तर रविवारच्या चर्चच्या शाळेत शिकलेलं लिहिणं-वाचणं, तेवढंच.

१८११ मध्ये जोसेफला एका अजस्र प्राण्याची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीनं त्याचा उरलेला सांगाडा शोधला. तो होता इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा सागरी सरपटणारा प्राणी. २३ पौंडांना तो विकला गेला. तेव्हा मेरी होती जेमतेम बारा-तेरा वर्षांची!

अशा सांगाड्यांमुळे तिचं नाव झालं खरं, पण रोजची चूल पेटायची ती शंखांवर. गावकरी अ‍ॅमोनाइटला दगड झालेला साप म्हणत. दुसरा एक दगड सापडायचा, लांबट, बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार. त्याला कुणी सैतानाचं बोट म्हणे, कुणी आभाळातून पडलेली वीज. त्याचं शास्त्रीय नाव बेलेम्नाइट.

आता अडचण अशी की, शंखातला जीव मऊ असतो. मेल्यावर तो कुजून जातो, मागं राहतं ते कवच. मग जीव कसा होता हे ओळखायचं कसं? कवचाचा आकार बघायचा, आतले कप्पे बघायचे, कप्प्यांच्या भिंती जिथं कवचाला चिकटतात तिथली नक्षी बघायची आणि मग आज जिवंत असलेल्या प्राण्यांशी ताडून पाहायचं. मेरीनं हेच केलं. ती मासे आणि म्हाकूळ कापून आतली रचना नीट बघायची. विद्वानांचे निबंध मिळाले की हातानं उतरवून काढायची, चित्रांसकट.

म्हाकूळ साफ करताना त्यातली काळ्या शाईची पिशवी फुटू नये म्हणून आपल्या कोकणातल्या बायका किती जपतात! १८२६ मध्ये मेरीला बेलेम्नाइटच्या अवशेषात तशीच पिशवी सापडली, आतली शाई सुकलेली. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिनं ती पाण्यात कालवली आणि चक्क त्या शाईनं इक्थिओसॉरची चित्रं काढली. म्हणजे ते ना सैतानाचं बोट होतं, ना वीज. ते होतं म्हाकुळाच्या कुळातल्या एका प्राण्याच्या शरीराच्या आतलं कवच. औषधी दुकानात मिळणारा समुद्रफेस हेही म्हाकुळाचं आतलं कवचच की!

पण श्रेय? १८२३ मध्ये मेरीनं प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा शोधला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला, त्यात तिचं नावसुद्धा नव्हतं. त्या संस्थेनं बायकांना सदस्यत्व दिलं ते थेट १९१९ मध्ये. दगड शोधायचे, साफ करायचे, ओळखायचे मेरीनं आणि निबंध छापायचे पुरुषांनी, असं वर्षानुवर्षं चाललं. कामही जिवावरचं. १८३३ मध्ये कडा कोसळला, तिचा लाडका कुत्रा ट्रे डोळ्यांदेखत गेला, ती थोडक्यात बचावली. तरी दुसऱ्या दिवशीच्या भाकरीसाठी पुन्हा त्याच कड्याखाली जाणं आलंच.

९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगानं ती गेली, अवघ्या ४७ व्या वर्षी. २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या यादीत विज्ञानावर प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांमध्ये तिचं नाव आलं. २०२२ मध्ये गावात तिचा पुतळा उभा राहिला, सोबत ट्रेसुद्धा.

आज शास्त्रज्ञ याहून कितीतरी जुने, ५० कोटी वर्षांहून आधीच्या कॅम्ब्रियन काळातले शंख अभ्यासतात. त्यातले बरेचसे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. त्यांचंही कुळ ठरतं ते आकार, वळणं आणि आतल्या स्नायूंच्या खुणा बघून. साधनं बदलली, पण जिवंत प्राण्याशी ताडून पाहायची मेरीची रीत तीच राहिली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी शाळिग्रामाला स्नान घालताना ती वळणं जरा निरखून बघा. अशाच वळणांकडे बघत एक गरीब सुताराची मुलगी शास्त्र शिकली होती.