पंडिता रमाबाई : बालपणाची शिदोरी

चरित्र वाचताना बालपणाचे प्रकरण आपण बहुधा भराभर उलटतो. रमाबाईंच्या बाबतीत तसे करू नका. त्यांच्या उत्तरायुष्याची बीजे तेथेच आहेत.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवणे निषिद्ध मानले जात असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती विद्या दिली आणि समाजाचा रोष पत्करला. रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. स्थिर घर नव्हते, शाळा नव्हती. पुराणकथनातून मिळेल त्यावर गुजराण होई. वडील वृद्ध झाल्यामुळे आईनेच पहाटे उठवून मुलीकडून पाठांतर करून घेतले.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ मरण पावली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बंधूचे व पतीचेही निधन झाले.

येथे थोडे थांबून विचार करा. या कुटुंबाने रमाबाईंना धन दिले नाही; विद्या दिली आणि भुकेची ओळखही करून दिली. या दोन्हींचे पडसाद त्यांच्या कार्यात उमटले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली आणल्या. केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेत त्यांना अन्नाबरोबर अक्षरे आणि हाताला उद्योग मिळाला. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्यावरून मोठा वाद झाला. तथापि मूळ ग्रंथापर्यंत जाण्याची वडिलांच्या घरातील सवय सुटली नाही. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र बालपणावरून आयुष्याचा सरळ हिशेब मांडू नका. त्याच घरातील, त्याच वाटेवरची बहीण दुष्काळातून वाचली नाही. रमाबाईंच्या यशाचे श्रेय संस्कारांना देताना त्या बहिणीचेही स्मरण ठेवा आणि मग स्वतःला विचारा : आईची ती पहाटेची शिकवणी नसती, तर कलकत्त्यास पोहोचलेल्या त्या अनाथ मुलीकडे कोणी वळून पाहिले असते का?