पोथी आणि प्रचीती : डॉ. भाऊ दाजी लाड

पेडणे तालुक्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल. बालपणीच मुंबईस गेलेले भाऊ १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत झळकले. वैद्यकी करताना गोरगरिबांवर त्यांनी विनामूल्य उपचार केले.

त्या काळी पाश्चात्त्य वैद्यकापाशी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. भाऊंनी जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळले, त्यांत वर्णिलेल्या वनौषधी शोधल्या आणि त्यांचा गुण रुग्णांवर पडताळला. पोथीत आहे म्हणून औषध खरे मानायचे नाही आणि पोथीत आहे म्हणून ते टाकायचेही नाही, ही त्यांची शिस्त. शिलालेख वाचतानाही त्यांनी तीच पाळली. कडू कवठीच्या तेलाने काही रुग्णांना गुण आल्याची ख्याती झाली.

मात्र हे उपचार तपशिलाने प्रसिद्ध होण्यापूर्वीच, ३१ मे १८७४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्याच कुळातील चौलमुग्रा तेल पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर वापरले गेले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज भाऊंचे नाव आहे. त्यांचे वैद्यकीय संशोधन मात्र लेखी स्वरूपात पुढील पिढ्यांच्या हाती पूर्णपणे आलेच नाही.