बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली, तेव्हा पंडिता रमाबाईंच्या लक्षात आलं की धर्म मिळाला, पण देव अजून मिळालाच नाही

पंडिता रमाबाई म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद आठवतो. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. संपला धडा.

पण या बाईंच्या आयुष्यात एक प्रश्न लहानपणापासून शेवटपर्यंत सुरू होता आणि तो प्रश्न त्या परिच्छेदात कधी येत नाही. माणूस पवित्र होतो म्हणजे नेमकं काय होतो? आणि भ्यायचंच असेल तर कुणाला भ्यायचं?

गोष्ट सुरुवातीपासून बघू.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण बायकोला संस्कृत शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. पुढे घर मोडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात बसून पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. आई लक्ष्मीबाईंनी चालता चालता लेकीकडून भागवताचे हजारो श्लोक पाठ करून घेतले.

पावित्र्याचा पहिला अर्थ रमाबाई इथे शिकल्या. सोवळं, उपास, व्रतं, तीर्थात स्नान, ब्राह्मणांना दान. हे कुटुंब ढोंगी नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी दानधर्मात घातलं. मग दुष्काळ आला. मोलमजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण, अशी एकामागून एक माणसं गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडले आणि हिंडता हिंडता व्रतवैकल्यांवरचा विश्वास मागे कुठेतरी गळून पडला.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय जेमतेम वीस. दोन वर्षांत भाऊ गेला. त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तेही जात ओलांडून, नोंदणी पद्धतीने. आसामात सिलचरला असताना पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. वाचून त्या भारावल्या. ख्रिस्ती व्हावं असं त्यांनी बोलून दाखवलं तेव्हा नवऱ्याला ते मुळीच पटलं नाही. तो वाद वाढण्याआधीच 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. मांडीवर मनोरमा, वय वर्षंही पुरतं नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली आणि 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं.

इथे एक गोष्ट घडली, जिचा पुढच्या सगळ्या आयुष्याशी संबंध आहे.

वाँटेज नावाच्या गावात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. या मठाच्या बहिणींचं लंडनच्या फुलहॅम भागातही काम चालायचं. कसलं काम? तर समाजाने ज्यांना वाया गेलेल्या ठरवलं होतं, त्या बायकांना जवळ करायचं, आजारात सेवा करायची, पुन्हा उभं करायचं. रमाबाईंनी ते बघितलं आणि त्या चक्रावल्या. त्यांना माहीत असलेलं सोवळं अशा बाईची सावलीही टाळायचं. इथे चांगल्या घरच्या, व्रतस्थ बायका त्यांनाच शोधत जात होत्या आणि त्यामुळे विटाळत नव्हत्या. त्यांनी कारण विचारलं तेव्हा एका बहिणीने त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

पावित्र्य म्हणजे लांब राहणं, या समजुतीला तिथे पहिला तडा गेला.

29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला रमाबाई आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमाराला त्यांच्याबरोबर भारतातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती. त्या धक्क्यातून सावरत, परमुलखात, कानांनी ऐकू कमी येत असताना हा निर्णय झाला. वैद्यकीय शिक्षण बहिरेपणामुळे सुटलंच. त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या.

इकडे पुण्यात गदारोळ उडाला. बाई बाटली, इंग्रजांच्या गोटात गेली. गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडमध्ये इंग्रजांच्या चर्चलाही या बाई जड जात होत्या. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे चर्चचा प्रत्येक सिद्धांत आणि बिशपांचा प्रत्येक शब्द मान्य करायचा, हे त्यांना कबूल नव्हतं. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या प्रश्न विचारायच्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं भारतातल्या बिशपांचं म्हणणं पडलं, त्यावरही त्यांनी आक्षेप घेतला. खाणं शाकाहारीच ठेवलं. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पुढे छापून आला आहे. त्यात जेराल्डीनबाईंना हा सगळा गर्व वाटतो. रमाबाईंचं म्हणणं होतं की आपण देवाच्या आज्ञेत आहोत, माणसांच्या नाही. दोघीही आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, म्हणून ती पत्रं आजही वाचायला त्रास होतो.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं आणि 10 वर्षं मदतीचं वचन मिळालं. अट एकच. संस्थेत धर्मप्रसार नको.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, वर्षा-दीड वर्षात पुण्याला आलं. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे, म्हणजे तेव्हाच्या गोदूबाई, इथल्याच विद्यार्थिनी. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी माणसं होती.

आणि 1891 मध्ये रमाबाईंच्या हाती एक पुस्तक पडलं. लेखक विल्यम हॅस्लम, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले धर्मगुरू. कित्येक वर्षं चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या या गृहस्थांना एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाच्या मधोमध कळलं की आपण लोकांना सांगतोय ते आपल्याला स्वतःला लागलेलंच नाही. रमाबाई वाचताना थबकल्या. आपलंही हेच नाही का? धर्म बदलला, प्रार्थना बदलल्या, नाव मेरी रमा झालं. पण पूर्वी जसं व्रतांनी पुण्य साठवायचो तसंच आता चांगुलपणाने साठवतोय.

त्या काळात रमाबाई आतून पुरत्या हलल्या. पापाची जाणीव झाली आणि ते आपल्या कमाईने फिटत नाही, क्षमा फुकट मिळते, हेही उमगलं. ख्रिस्ती धर्मात ज्याला देवाचं भय म्हणतात ते इथे समजून घेण्यासारखं आहे. फौजदाराला भ्यावं तसं ते भय नाही. शिक्षेची भीती गेल्यावर जे उरतं, ज्याने आपल्याला माफ केलं त्याच्यासमोर आपण सतत उभे आहोत ही जाणीव, ते हे भय. मराठीत देवाला भिऊन वागणारा माणूस म्हणतात, त्याच्या बरंच जवळचं.

आता पेच बघा. संस्था धर्माबाबत तटस्थ, आणि चालवणारी बाई अशी भारून गेलेली. रमाबाई रोज मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. आपण दुसऱ्या कुणाला पूजेपासून अडवत नाही, मग स्वतःची प्रार्थना दार लावून का करायची, हा त्यांचा विचार.

पालकांचा विचार वेगळा होता आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. विश्वासाने सोपवलेल्या कोवळ्या वयाच्या विधवा मुली, आणि समोर आई मानावी अशी बाई रोज प्रार्थनेला बसलेली. अशा घरात उघडं दार हेसुद्धा एक आमंत्रणच. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर आणि मंडळी सल्लागारपदावरून बाजूला झाली, वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं. दार बंद केलं असतं तर वाद मिटला असता. त्यांनी केलं नाही.

मग 1896 च्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

रमाबाईंना भूक कशी असते ते माहीत होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो बायका-मुली घेऊन परत आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धामधूम. नव्या लोकांना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला सदनाच्या खर्चासाठी घेतलेली सुमारे 100 एकर जमीन होती, तिथे झोपड्या टाकून या मुलींना नेलं. (हे केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. छत्रपती संभाजीनगरहून पुण्याला जाताना अहिल्यानगरच्या वेशीवर लागतं ते केडगाव वेगळं.) प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची काय दशा होते, यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले. ज्या बाईंना लोक इंग्रजधार्जिण्या म्हणत होते, त्याच बाई भर प्लेगात सरकारला जाब विचारत होत्या.

1898 मध्ये अमेरिकेच्या मदतीची मुदत संपली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केसविकच्या मेळाव्यात त्या गेल्या. 1875 पासून भरणाऱ्या या मेळाव्याचा विषयच मुळी पवित्र जीवन. तारण मिळालं म्हणजे काम संपलं असं नाही, रोजच्या जगण्यात पवित्र आत्म्याच्या बळावर शुद्ध होत जायचं, असं तिथे शिकवलं जाई. रमाबाईंनी तिथे पैसे मागितले नाहीत. भारतातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा उतरावा म्हणून प्रार्थना करा, एवढंच मागितलं.

केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार माणसं झाली. विहिरी खणल्या, विणकाम, शेती, छापखाना सुरू केला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढलं. फुलहॅमला बघितलेलं 15 वर्षांनी महाराष्ट्राच्या माळावर उतरलं होतं.

1905 च्या जानेवारीत त्यांनी मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी बोलावलं. सुरुवातीला 70 जणी आल्या. जूनपर्यंत सकाळ-संध्याकाळ मिळून साडेपाचशे जमू लागल्या. 29 जूनच्या रात्री मुलींच्या वसतिगृहात काहीतरी झालं. एक मुलगी आगीत जळतेय असं दुसरीला वाटलं, ती पाण्याची बादली घेऊन धावली, तर आग नव्हतीच. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा पाठ घेत असताना मुली मोठ्याने रडू लागल्या. वर्ग बंद पडले. चोऱ्या, खोटेपणा, भांडणं, मुली एकमेकींपुढे कबूल करू लागल्या.

बाहेर टीका झाली की हा सामूहिक उन्माद आहे. भुकेतून आणि मरणातून आलेल्या, जवळची माणसं गमावलेल्या या मुली होत्या, तेव्हा एवढ्या रडण्यामागे ते सगळं दुःखही असणार, असं म्हणायला जागा आहे. युरोपीय पद्धतीच्या शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या मिशनऱ्यांनाही हे चमत्कारिक वाटलं. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. पण नुसत्या रडण्यावरही त्या थांबल्या नाहीत. मन शुद्ध झालं असेल तर ते कामात दिसू दे, म्हणून मुलींच्या तुकड्या करून त्यांना आसपासच्या गावांत पाठवायला सुरुवात झाली. केडगावच्या या घटनेचा वृत्तांत मिनी अब्राम्स या त्यांच्या सहकारी बाईंनी 1906 मध्ये लिहिला, तो जगभर गेला. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आज केडगावचं नाव हमखास येतं.

स्वतः रमाबाई मात्र याच सुमारास एका भलत्याच कामात बुडाल्या. बायबलचं मराठी भाषांतर होतं, पण खेड्यातल्या बाईला ते कळत नव्हतं. म्हणून त्या पन्नाशीकडे झुकत असताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल एकटीने सोप्या मराठीत आणायला बसल्या. संस्कृतात पंडिता झालेल्या बाई आता मराठीतले संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होत्या. त्यात जुन्या धर्मातल्या अर्थाची छटा असलेले शब्द नकोत हा आग्रहही होता, आणि त्यापायी भाषा काही ठिकाणी कोरडी झाली. हे काम जवळजवळ 18 वर्षं चाललं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीच्याच मुली.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. आईच्या मागे मुक्ती तीच सांभाळणार हे ठरलेलं होतं. रमाबाईंनी भाषांतराची मुद्रितं तपासायचं काम सुरूच ठेवलं, पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला केडगावला त्यांचं निधन झालं.

ज्या चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांशी त्यांचं जमलं नाही, त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत 30 एप्रिल हा दिवस आज त्यांच्या स्मरणाचा आहे. तिथे त्यांची ओळख समाजसुधारक अशी नाही, धर्मग्रंथाच्या भाषांतरकार अशी आहे. ते संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी, केडगावच्या त्याच छापखान्यातून.