दोन दुष्काळ आणि रमाबाईंचा विश्वास

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की कोलकात्यातील पंडितांनी दिलेली 'सरस्वती' ही पदवी, शारदा सदन आणि धर्मांतराचा वाद या गोष्टी आठवतात. त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते मात्र भुकेने.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने ते मुलीला दिले. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणारे हे कुटुंब १८७४ नंतरच्या दुष्काळात सापडले. अनुष्ठाने झाली, नवस झाले, होते नव्हते ते दानधर्मात गेले. आधी वडील, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण गेली. आईला शेवटचे नेण्यासाठी खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. पुढे पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते म्हणून या बहीणभावांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. ज्या देवांसाठी सर्वस्व वेचले त्यांच्यावरची श्रद्धा या पायपिटीत हळूहळू विरली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचाही बळी घेतला. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पुणे, मग इंग्लंड, तेथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा, नंतर अमेरिका हा प्रवास सर्वज्ञात आहे. नवा धर्म स्वीकारला तरी रमाबाईंनी विचार गहाण टाकले नाहीत. इंग्लंडमधील धर्मभगिनींशीही त्यांनी मतभेद मांडले, हे त्यांच्या टीकाकारांच्या नजरेतून निसटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्मप्रसार होणार नाही असे आश्वासन होते. परंतु रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे आणि मुली आपणहून येऊन बसत. पालकांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. १८९३ मध्ये 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. संस्था मात्र तगली.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. रस्त्याकडेच्या हाडांच्या सापळ्यांत त्यांना आपलेच पूर्वीचे दिवस दिसले असणार. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा अडचणीतून झाला.

अमेरिकन मित्रांनी दिलेली दहा वर्षांच्या साहाय्याची हमी १८९८ मध्ये संपली. मदत पुढेही येत राहिली, पण ठराविक रकमेची शाश्वती नव्हती. इंग्लंडमध्ये केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. आता त्यांनी तोच मार्ग धरला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावात खाणारी तोंडे दोन हजारांच्या घरात गेली, तेव्हा उद्याच्या धान्याचा हिशेब देवावर सोडणे ही केवळ बोलण्याची गोष्ट राहिली नव्हती. तरीही ही श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना सुरू झाला. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाऊ लागले.

उत्तरायुष्यात कमी ऐकू येत असतानाही त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर होते. खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. संस्कृतच्या या पंडितेने त्यासाठी जाणूनबुजून साधे शब्द निवडले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियाच करीत.

संस्थेची धुरा मनोरमा सांभाळणार असे ठरल्यासारखेच होते. जुलै १९२१ मध्ये तीही गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावातच देह ठेवला. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.