निळा पक्षी आणि त्याचे कारागीर

ओहोटीला पाणी मागे हटलं की आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर ओली वाळू अशी घट्ट बसते, की पोरं तिथे बिनदिक्कत क्रिकेटची खेळपट्टी आखतात. अशाच ओल्या वाळूवर, वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर, १९२४ साली माल्कम कॅम्पबेल नावाच्या इंग्रजाने ताशी २३५ किलोमीटरने मोटार पळवली आणि जमिनीवरचा सर्वांत वेगवान माणूस ठरला. मोटारीचं नाव ‘ब्लू बर्ड’, म्हणजे निळा पक्षी. मेटरलिंकच्या गाजलेल्या नाटकावरून ठेवलेलं. पुढे १९३५ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरासारख्या सपाट मैदानावर त्याने ताशी ३०० मैलांची, म्हणजे ४८० किलोमीटरची वेस ओलांडली. घरी चौदा वर्षांचा मुलगा होता, डोनाल्ड. आजची गोष्ट या मुलाची आहे. खरं सांगायचं तर त्याच्याइतकीच त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचीही आहे.

मोठ्या बापाच्या पोटी जन्म घेणं ही गोष्ट बाहेरून दिसते तितकी सुखाची नसते. लहानपणी झालेल्या संधिज्वरामुळे महायुद्धात डोनाल्डला वैमानिक होता आलं नाही. तो कारखान्यात इंजिनियर म्हणून काम करू लागला. १९४८च्या शेवटच्या दिवशी वडील गेले. थोड्याच दिवसांत त्याच्या कानावर आलं, की त्यांचा पाण्यावरचा वेगविक्रम मोडायला अमेरिकेत तयारी चालू आहे. आजवर एकही विक्रमी धाव न केलेल्या या मुलाने ठरवलं, विक्रम घरातच राहील.

हे ठरवून तो गेला लिओ व्हिलाकडे. लिओ १९२२ पासून माल्कमचा मेकॅनिक. बापाच्या सगळ्या मोटारी आणि बोटी त्याच्या हाताखालून गेलेल्या. डोनाल्ड त्याला काकाच म्हणे. आपल्याकडे वडिलांच्या वेळचा जुना तांडेल मुलाला समुद्र शिकवतो, तसं हे नातं होतं. यंत्राची नस काकाला ठाऊक, धाडस पुतण्याचं.

सुरुवात वाईटच झाली. वडिलांची जुनी बोट १९५१ साली कॉनिस्टन तळ्यात भर वेगात फुटली आणि बुडाली. पुढच्या वर्षी जॉन कॉब हा नामांकित वेगवीर जेट इंजिनाच्या बोटीसह लॉख नेसमध्ये गेला. शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. डोनाल्डने उलट स्वतःच जेटची बोट बांधायला घेतली. नॉरिस बंधूंनी तिचा आराखडा केला. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला तर हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. जेटचं तत्त्व हेच. पाण्यात फिरणारा पंखा नको. बोट वेगात आली की नुसत्या कडांवर पाण्याला टेकलेली असते. धोकाही त्यातच. नाक जरा जास्त उचललं, खाली वारा शिरला, की बोटीचं विमान होतं, पण पंख नसलेलं. या ‘ब्लूबर्ड के-७’ने १९५५ साली अल्सवॉटर तळ्यावर ताशी ३२५ किलोमीटर गाठले आणि पुढच्या नऊ वर्षांत डोनाल्डने पाण्यावरचे सात विक्रम केले.

मग मोटार. विमानाचं टर्बाइन इंजिन बसवलेली, चारही चाकं त्या इंजिनाने फिरवणारी. अनेक ब्रिटिश कंपन्यांनी तिच्यासाठी सुटे भाग आणि पैसा दिला. मी आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवलं. असा अर्ज टेबलावर आला असता तर तारण काय आणि परतफेड कशातून, हे दोन रकाने मी कसे भरले असते, देव जाणे! १९६० साली बॉनव्हिलवर ही मोटार ताशी सुमारे ५८० किलोमीटर वेगात उलटली. डोनाल्डच्या कवटीला तडा गेला. तरीही गाडी नव्याने बांधली गेली. १९६३ साली ती ऑस्ट्रेलियातल्या लेक एअरच्या खारट पात्रात नेली. वर्षानुवर्षं कोरडं असलेलं ते पात्र, हे लोक पोचले आणि पाऊस पडला! मीठ भिजलं, धावपट्टी पाण्याखाली गेली. वर्तमानपत्रं टोमणे मारू लागली, पैसे देणारे कुरकुरू लागले. अखेर १७ जुलै १९६४ रोजी, मीठ अजून पुरतं सुकलेलं नसताना, चाकांनी चर पाडत मोटार ताशी ६४८ किलोमीटरने धावली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी डम्बलयुंग तळ्यावर त्याने पाण्यावरचाही विक्रम मोडला. जमीन आणि पाणी, दोन्ही विक्रम एकाच वर्षी. हे दुसऱ्या कुणाला आजवर जमलेलं नाही.

पण काळ निघून गेला होता. अमेरिकेत क्रेग ब्रीडलव्ह वगैरे तरुण निव्वळ जेटच्या मोटारी घेऊन उतरले आणि ऑक्टोबर १९६४ मध्येच जमिनीवरचा आकडा ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे नेऊन ठेवला. डोनाल्डने रॉकेटवर चालणाऱ्या मोटारीची योजना आखली. तिच्यासाठी पैसा हवा, पैशासाठी नाव पुन्हा गाजायला हवं. म्हणून बारा वर्षांची म्हातारी के-७ पुन्हा काढली. तिच्यात ‘नॅट’ विमानाचं ऑर्फियस इंजिन बसवलं. १९६५च्या युद्धात आपल्या हवाई दलाने गाजवलेलं तेच नॅट. आपल्या ‘मारुत’ विमानालाही ऑर्फियसच होतं.

नोव्हेंबर १९६६ पासून मंडळी कॉनिस्टनच्या काठी थंडीत बसून होती. कधी वारा, कधी इंजिनात बिघाड. डोनाल्ड मुलखाचा शकुनं पाहणारा. हिरवा रंग त्याला चालत नसे, आणि सोबतीला कापडी अस्वल असे. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपण त्याला हसू नये. शेवटच्या रात्री पत्ते खेळताना त्याच्या हाती इस्पिकची राणी आणि एक्का आला आणि तो अस्वस्थ झाला, असं सांगतात.

४ जानेवारी १९६७. विक्रमासाठी तासाभरात जाऊन-येऊन धावायचं आणि सरासरी काढायची, असा नियम. पहिली धाव ताशी सुमारे ४७९ किलोमीटर. परतण्याआधी इंधन भरावं, पाणी निवळू द्यावं, हा शिरस्ता. आपल्याकडे खाडीत स्पीडबोट हाकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, की बोटीने उठवलेली लाट काठावर आपटून परत येते. डोनाल्ड थांबला नाही. तो लगेच वळला. वेग ५२५च्या आसपास पोचला, नाक उचललं, बोट हवेत उलटली आणि तळ्यात गडप झाली. लाटेमुळे, कमी इंधनामुळे की इंजिन बंद पडल्यामुळे, यावर जाणकार आजही भांडतात. मला वाटतं, त्या मिनिटाला काका शेजारी असता, तर पुतण्या थांबला असता. पण त्या आसनावर दुसऱ्याला जागाच नव्हती. अस्वल तरंगत सापडलं. लिओ १९७९ साली गेला, तोवर तळ्याने ना बोट परत दिली होती, ना डोनाल्ड.

बिल स्मिथ या पाणबुड्या इंजिनियरने २००१ साली बोट वर काढली. त्याच वर्षी डोनाल्डचे अवशेष सापडले आणि गावातच त्यांचं दफन झालं. मग टाइनसाइडच्या एका वर्कशॉपमध्ये स्वयंसेवक जमले. पगार नाही, बक्षीस नाही. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, जुना भाग शक्य तिथे वाचवायचा, नाइलाज झाला तरच नवा घडवायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख फॅडवर के-७ पुन्हा पाण्यावर धावली, ताशी २४० किलोमीटरहून अधिक वेगाने.

त्यानंतर जे झालं ते आपल्या वाडीतही झालं असतं. डोनाल्डच्या मुलीने, जीनाने, बोट २००६ सालीच कॉनिस्टनच्या संग्रहालयाला दिली होती. दुरुस्ती करणाऱ्यांचं म्हणणं, नव्याने घडवलेले भाग आमच्या हातचे आहेत. कागद संग्रहालयाकडे, घाम यांचा. बँकेतला माणूस कागदाच्या बाजूने बोलणार, हे उघड आहे. तरी ज्यांनी रविवार मोडून रिव्हेट ठोकले त्यांना निव्वळ गडी ठरवणं मला पटत नाही. काही वर्षं वाद चालला. अखेर दावा मागे घेतला गेला आणि मार्च २०२४ मध्ये के-७ ट्रकवरून कॉनिस्टनला आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव लोटलं होतं. त्या गर्दीत १९६७ची ती सकाळ काठावरून पाहिलेली म्हातारी माणसंही होती.