नहेम्या नावाचे दोन सेवक : फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या जीवनातून प्रार्थना आणि समर्पण यांचे धडे



आपल्या घरात बाळ जन्माला येते, तेव्हा बाप्तिस्म्याच्या आधी घरातील वडीलधारी माणसे बसून नाव ठरवतात. कोणी आजोबांचे नाव सुचवतो, कोणी जन्मदिवशी ज्या संताचा सण असेल त्याचे. बाळाला ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी, असे ख्रिस्तसभेचा कायदाही सांगतो. मात्र एकदा नाव नोंदवहीत लिहिले गेले की त्याचा अर्थ काय, ते नाव ज्याने प्रथम धारण केले तो कसा जगला, याचा विचार आपण क्वचितच करतो.

पवित्र शास्त्रात नाव ही केवळ ओळखीची खूण नाही. अब्रामाचा अब्राहाम झाला, शिमोनाचा पेत्र झाला. त्या प्रत्येक वेळी परमेश्वराने त्या माणसावर एक कार्य सोपवले. हन्नाने मंदिरात अश्रू ढाळून पुत्र मागितला आणि तो मिळाल्यावर त्याचे नाव शमुवेल ठेवले. त्या नावातच तिने आपली प्रार्थना जपून ठेवली आणि बाळ मोठे होताच ते परमेश्वराला अर्पणही केले. मागणे आणि अर्पण करणे, म्हणजेच प्रार्थना आणि समर्पण, एका नावात एकत्र आले.

असेच एक नाव पुण्याच्या इतिहासात आहे. गुरुवार पेठेतील पंचहौद परिसरात पवित्र नाम देवालय उभे आहे. १८८५ साली बांधून झालेले हे देवालय अँग्लिकन मिशनचे. या मिशनशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, ते नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. परंतु आपल्यापासून विभक्त झालेल्या बांधवांच्या जीवनात ख्रिस्ताची जी संपत्ती दिसते तिचा आनंदाने स्वीकार करावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्याला शिकवले आहे. त्या भावनेने आज त्यांच्या जीवनाकडे पाहू या.

शास्त्रातील नहेम्या

नहेम्या या नावाचा अर्थ परमेश्वर सांत्वन करतो असा आहे. इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास हा यहुदी मनुष्य पारसच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. शूशनच्या राजवाड्यात त्याला कशाचीच वाण नव्हती. तरीही यरुशलेमची तटबंदी मोडून पडली आहे आणि वेशी जळाल्या आहेत हे ऐकताच तो खाली बसून रडला. त्याने कित्येक दिवस उपवास केला आणि प्रार्थना केली. लोकांच्या पापांची कबुली देताना त्याने स्वतःला वगळले नाही. आपल्या घराण्याचे पापही त्याने सांगितले.

किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, त्याने वाट पाहिली. मग एके दिवशी राजाने त्याला त्याच्या खिन्नतेचे कारण आणि मागणे विचारले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या त्या क्षणभरात नहेम्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली. चार महिन्यांची दीर्घ प्रार्थना आणि एका श्वासाची लहान प्रार्थना, दोन्ही त्याच्या जीवनात आहेत. पुढे ५२ दिवसांत तट उभा राहिला. बांधणारे एका हाताने काम करीत आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरीत. सनबल्लट आणि तोबीया यांनी थट्टा केली, भीती घातली, भेटीस बोलावले; परंतु काम सोडून तो खाली उतरला नाही.

नीळकंठशास्त्री नेहेम्या होतात

नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले, पण काशीत स्थायिक झालेले. तेथेच त्यांचे संस्कृत शास्त्राध्ययन झाले. ख्रिस्ती मिशनरी काशीत उपदेश करू लागले, तेव्हा त्यांचे खंडन करण्यासाठी हा तरुण पंडित पुढे आला. जॉन म्यूर यांच्या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

खंडन करायचे म्हणून त्यांनी शुभवर्तमान वाचायला घेतले. वाचता वाचता प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाची पकड घेतली. ज्याला हरवायला ते गेले होते, त्यानेच त्यांना जिंकले. १८४८ साली जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांना नेहेम्या हे नाव मिळाले.

त्या काळी या पावलाची किंमत काय होती, हे आज आपल्याला सहज उमगणार नाही. जात गेली, पंडितसभेतील मान गेला, वडिलांच्या घरी दुःखाचा डोंगर कोसळला. पुढे पत्नी त्यांच्याजवळ आली, पण १८५३ साली कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात ती वारली. एलन लक्ष्मी ही ती मुलगी. ती इंग्रज कुटुंबात वाढली आणि पुढे भारतात परतून तिने सेवाकार्य केले. परमेश्वराच्या सान्निध्यातील एकांतावर तिने इंग्रजीत रचलेले गीत आजही अनेक देशांत गायले जाते. ज्या वडिलांचा सहवास तिला फारसा लाभला नाही, त्यांची प्रार्थनाशीलता तिच्या लेखणीत उतरली.

मोडलेला तट

१८५४ साली महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर गोरे इंग्लंडला गेले. ख्रिस्ती देश म्हणून ज्याची कल्पना केली होती, त्या देशातील लोकांचे आचरण पाहून त्यांना जबर धक्का बसला. ऑक्सफर्ड येथे त्यांची पंडित मॅक्सम्युलर यांच्याशी भेट झाली, तेव्हा ते अतिशय निराश मनःस्थितीत होते. लंडनमध्ये दिसते तेच ख्रिस्तीपण असेल, तर आपण परत जावे हे बरे, असे त्यांना वाटू लागले होते. शूशनमध्ये नहेम्याला यरुशलेमच्या मोडक्या तटाची बातमी मिळाली, तशीच या नेहेम्याला ख्रिस्ती समाजाच्या मोडक्या तटाची प्रचीती आली.

बंधु-भगिनींनो, येथे थोडे थांबावे. एका सत्यशोधक मनुष्याची श्रद्धा विरोधकांच्या युक्तिवादाने डळमळली नाही. ती आपल्यासारख्या जन्मजात ख्रिस्ती लोकांच्या वागण्याने डळमळली. आपल्या शेजारचा एखादा मनुष्य आपल्याकडे पाहून ख्रिस्ताविषयी काय मत बनवत असेल?

गोरे परत फिरले नाहीत. मायदेशी येऊन त्यांनी पुन्हा कार्य हाती घेतले. १८६० साली हिंदी भाषेत त्यांचा षड्दर्शन दर्पण हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा दर्शनांची चिकित्सा केली होती. १८७० साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे ऑक्सफर्डजवळील काउली येथील संत योहान सुवार्तिक यांच्या संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. परंतु त्या संघाची अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. त्यांच्या मनात शंका वारंवार उठत आणि त्यांचे मन त्यांना छळत असे. तरीही ते अखेरपर्यंत साधेपणाने, संन्याशासारखे जगले. नहेम्यानेही अधिपती असताना बारा वर्षे आपल्या हक्काचा भत्ता घेतला नव्हता, हे येथे आठवते.

नावाची सार्थकता

पंडिता रमाबाई १८८३ साली पुण्याहून इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहिल्या. ख्रिस्ती धर्माविषयी त्यांच्या मनात गहन प्रश्न होते आणि कोणाच्याही दडपणाखाली निर्णय घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या वेळी गोरे यांनी भारतातून त्यांना पत्रे लिहिली. ज्या शंकांच्या रानातून रमाबाई चालत होत्या, त्यातील वाटा या वृद्ध शास्त्र्याला ठाऊक होत्या, कारण तो स्वतः त्यात वर्षानुवर्षे भटकला होता. त्यांच्या नम्र शब्दांनी रमाबाईंचे समाधान झाले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना मेरी रमा हे नाव मिळाले. पुढे त्यांनी अनाथ व निराधार स्त्रियांसाठी शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती सदन उभारले आणि संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला, हे सर्वश्रुत आहे.

परमेश्वर सांत्वन करतो, हा नहेम्या या नावाचा अर्थ येथे सार्थ झाला. ज्याला स्वतःला सांत्वनाची सतत गरज भासली, त्याच्याच हातून परमेश्वराने दुसऱ्याचे सांत्वन केले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी फादर गोरे प्रभूकडे गेले.

आपल्यासाठी धडे

पहिला धडा प्रार्थनेचा. शंका आली म्हणून प्रार्थना थांबवू नये. आपल्यापैकी अनेकजण मन लागत नाही म्हणून रोझरी सोडतात, उत्तर मिळत नाही म्हणून मिस्सेला येणे कमी करतात. नहेम्याने चार महिने वाट पाहिली. फादर गोरे यांना तर जन्मभर वाट पाहावी लागली. दोघांनीही आपली अस्वस्थता लपवली नाही.

दुसरा धडा समर्पणाचा. समर्पण म्हणजे मन सदैव निःशंक असणे नव्हे. लग्नात घेतलेली शपथ, धर्मगुरूने दिलेले वचन, धर्मग्रामातील युवक मंडळात किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत स्वीकारलेली जबाबदारी, या सर्वांत उत्साहाचे दिवस थोडे आणि कोरडे दिवस पुष्कळ असतात. त्या कोरड्या दिवशीही तटावरून खाली न उतरणे, एक दगड आणखी रचणे, म्हणजे समर्पण.

तिसरा धडा साक्षीचा. लंडनच्या रस्त्यांवर गोरे यांना ज्यांनी निराश केले, ते वाईट लोकच असतील असे नाही. ते आपल्यासारखेच सामान्य, बेफिकीर ख्रिस्ती असतील. रविवारी प्रार्थना आणि सोमवारी दुकानात खोटे माप, हा तटातला भगदाड पडलेला भाग आहे. तो बुजवणे आपल्याच हाती आहे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी एक लहानशी गोष्ट करावी. घरातील प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याच्या नावाचा अर्थ शोधावा, ते नाव धारण करणाऱ्या संताची किंवा शास्त्रातील व्यक्तीची कथा मुलांना सांगावी आणि त्या नावाला शोभेल असा एक संकल्प करावा. जमल्यास नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय मिळून वाचावेत.

हे प्रभू येशू, तू आम्हाला नावाने ओळखतोस. आमच्या शंकांत आमचे सांत्वन कर, आमच्या कामात आम्हाला स्थिर ठेव आणि आमच्या वागण्याने कोणाचीही श्रद्धा डळमळू नये एवढी कृपा आम्हाला दे. आमेन.